कोलंबियाच्या काठी : हॅनफर्ड भूजल प्रकल्पाची वाटचाल

अमेरिकेच्या वायव्येला, वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदी एक मोठे वळण घेते. त्या वळणाच्या आत सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचे, म्हणजे बृहन्मुंबईच्या अडीच पट, हॅनफर्डचे आवार पसरले आहे. पाऊस वर्षाकाठी जेमतेम १७ सेंटिमीटर. आपल्या माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातही त्याच्या दुपटीहून जास्त पडतो. या ओसाड माळाखालचे भूजल तपासायचे, त्यात मिसळलेले विष उपसून काढायचे आणि ते नदीपर्यंत पोचू द्यायचे नाही, हे काम करणारी यंत्रणा म्हणजे हॅनफर्डचा भूजल प्रकल्प. दूषित जमीन आणि दूषित पाणी यांची निगराणी कशी करावी, याचा विचार करणाऱ्या जगभरच्या अणुकेंद्रांना आज हॅनफर्डची कागदपत्रे बाजूला ठेवता येत नाहीत. प्रकल्पाची रीतसर सुरुवात १९८९ ची. पण त्याआधीची सेहेचाळीस वर्षे सांगितल्यावाचून त्याच्या कामाची कल्पना येणार नाही, कारण नंतरच्या पिढ्यांना उपसावे लागले ते याच वर्षांत जमिनीत मुरले होते.

डिसेंबर १९४२ मध्ये लष्करी अधिकारी कर्नल फ्रँकलिन मॅथियस आणि ड्यूपाँ कंपनीचे अभियंते अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम बनवण्याच्या जागेच्या शोधात येथे आले. थंडगार पाण्याची भरपूर नदी, ग्रँड कूली धरणाची वीज आणि विरळ वस्ती, असे तिन्ही योग जुळले. १९४३ च्या आरंभी हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स या गावांतील शेतकऱ्यांना महिनाभराच्या मुदतीत घरेदारे, फळबागा सोडाव्या लागल्या. वानापम लोकांची हिवाळी वस्ती आणि मासेमारीची ठिकाणे कुंपणाआड गेली. याकामा, उमाटिला आणि नेझ पर्स या जमातींना १८५५ च्या तहांनी मासेमारीचे हक्क दिलेले होते. तेही कागदावरच राहिले. ऐन भरात येथे पन्नास हजारांच्या आसपास कामगार राबत होते, आणि आपण नेमके काय बांधतो आहोत हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नव्हते. २६ सप्टेंबर १९४४ रोजी बी अणुभट्टी सुरू झाली. ट्रिनिटी या पहिल्या अणुचाचणीत आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बमध्ये जे प्लुटोनियम वापरले गेले ते हॅनफर्डचे होते.

युद्ध संपले तरी उत्पादन थांबले नाही. शीतयुद्धाच्या काळात नदीकाठी एकूण नऊ अणुभट्ट्या उभ्या राहिल्या. शेवटची एन अणुभट्टी १९६३ साली. पहिल्या आठ भट्ट्यांची रचना सरळ होती. नदीचे पाणी घ्यायचे, भट्टीतून फिरवायचे, टाक्यांत थोडा वेळ निवू द्यायचे आणि पुन्हा नदीत सोडायचे. नळ्या गंजू नयेत म्हणून या पाण्यात सोडियम डायक्रोमेट हे क्रोमियमचे संयुग मिसळत. मालगाडीने आलेले त्याचे तीव्र द्रावण उतरवताना सांडे, नळांच्या जोडांतून ठिबके. किरणोत्साराच्या मोजमापात सगळे गुंतलेले असताना या पिवळ्या रसायनाकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. अर्धशतकानंतर नदीकाठच्या सफाईत सर्वाधिक श्रम आणि पैसा याच पदार्थाने खाल्ला.

नदीपासून आत, मधल्या पठारावर, वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करणारे कारखाने होते. तेथील सर्वांत तीव्र द्रव भूमिगत टाक्यांत जाई. एकेरी भिंतीच्या १४९ आणि पुढे बांधलेल्या दुहेरी भिंतीच्या २८, अशा या १७७ टाक्या. बाकीचे पाणी जमिनीत. त्यासाठी शोषखड्डे होते, चर होते, उघडी तळी होती. काही ठिकाणी तर विहीर खणून तिच्यातून द्रव थेट खाली सोडत. हॅनफर्डच्या कारकिर्दीत अशा रीतीने सुमारे ४५० अब्ज गॅलन, म्हणजे १.७ लाख कोटी लिटर, द्रव मातीत मुरवला गेला. हा आकडा अमेरिकी सरकारचाच आहे.

हे सारे निष्काळजीपणाने झाले असे सरसकट म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. हॅनफर्डच्या आरोग्य-भौतिकी विभागाचे प्रमुख हर्बर्ट पार्कर यांच्या देखरेखीखाली १९४० च्या दशकातच भूजल तपासण्यासाठी विहिरी खोदल्या जाऊ लागल्या होत्या. तेव्हाचा हिशेब असा होता की, पठारावर भूजल साठ ते नव्वद मीटर खोल आहे. मधल्या कोरड्या मातीच्या कणांना सीझियम, स्ट्रॉन्शियम, प्लुटोनियम चिकटून राहील आणि खाली पोचेल ते निव्वळ पाणी. हिशेब अर्धा बरोबर निघाला. सीझियम आणि प्लुटोनियम बव्हंशी वरच्या थरांत अडकले. पण ट्रिटियम, नायट्रेट, टेक्नेशियम-९९ आणि आयोडीन-१२९ यांना माती धरून ठेवत नाही. ते पाण्याबरोबर गेले. शिवाय ओतलेले पाणीच इतके होते की, पश्चिम पठाराखाली भूजलाची पातळी वीस मीटरपेक्षा अधिक उंचावली. जमिनीखाली पाण्याचा डोंगर तयार झाला, प्रवाहाची दिशा बदलली, आणि जुन्या नकाशांवर भरवसा ठेवणे अवघड झाले.

हिमयुगाच्या अखेरीस मिझूलाच्या महापुरांनी येथे रेती-गोट्यांचे जाड थर आणून टाकले आहेत. त्यांत कुठे खडी, कुठे गाळ, कुठे पाणी क्षणात उतरावे अशा वाटा, तर कुठे ते वर्षानुवर्षे अडून राहावे असे चिकणमातीचे पापुद्रे. शे-दोनशे मीटरवर दुसरी विहीर खोदली तर तिचे उत्तर पहिलीपेक्षा निराळे येते. प्रकल्पाच्या पुढच्या बहुतेक अपेक्षाभंगांचे मूळ या मातीत आहे.

उत्पादनाच्या काळातील दोन प्रसंग येथे नोंदवायला हवेत. प्लुटोनियम कारखान्यालगतच्या झेड-९ नावाच्या चरात १९५५ ते १९६२ या काळात कार्बन टेट्राक्लोराइड आणि प्लुटोनियम असलेले द्रव सोडले जात होते. तळाशी प्लुटोनियम इतके साचले की, त्यातून आपोआप अणुविखंडनाची साखळी सुरू होईल अशी भीती वाटू लागली. अखेर १९७६-७७ मध्ये चराची माती खणून सुमारे ५८ किलो प्लुटोनियम बाहेर काढावे लागले. दुसरा प्रसंग पठाराच्या दक्षिणेकडचा. तेथील चरांत एका बिळकऱ्या जनावराने बीळ पाडले, आणि खालच्या खारट किरणोत्सारी थराची चटक लागलेल्या सशांनी आपल्या लेंड्यांतून तो माळभर पसरवला. त्या लेंड्यांचा माग काढण्यासाठी पन्नास वर्षांनी हेलिकॉप्टर फिरवावे लागले! हसू येण्यासारखी गोष्ट आहे. मात्र आपण पुरले म्हणजे ते पुरलेलेच राहते, हे गृहीतक कसे ढासळते ते तीच नेमके दाखवते.

१९७३ साली टी-१०६ या टाकीतून सुमारे १,१५,००० गॅलन, म्हणजे ४.३५ लाख लिटर, तीव्र द्रव जमिनीत गेला. गळती कित्येक आठवडे चालू होती. टाकीतील पातळी उतरत असल्याची नोंद रोजच्या रोज होत होती. ती वाचून पुढे कोणाला तरी कळवायचे मात्र राहून गेले. हॅनफर्डची त्या काळातील खरी उणीव येथे दिसते. मोजमापाची कमतरता कधीच नव्हती. मोजलेल्या आकड्याला कृती करायला लावण्याचा अधिकार कोणापाशी नव्हता.

मोजमाप सांभाळणारी माणसे मात्र आपले काम चिकाटीने करत राहिली. १९६५ साली हॅनफर्डच्या प्रयोगशाळांचा कारभार बॅटेल संस्थेकडे गेला आणि त्या प्रयोगशाळांचे पुढे पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत रूपांतर झाले. भूवैज्ञानिकांनी, रसायनतज्ज्ञांनी विहिरींचे नमुने, पातळ्या, प्रवाहांचे नकाशे यांची अखंड मालिका जपली. उत्पादनाच्या धामधुमीत या कागदांना फारसे मोल नव्हते. पुढे सफाईची आखणी याच कागदांच्या आधारे झाली.

१९८० च्या दशकात दडपण वाढत गेले. फेब्रुवारी १९८६ मध्ये ऊर्जा खात्याच्या रिचलँड कार्यालयाचे प्रमुख मायकेल लॉरेन्स यांनी हॅनफर्डच्या इतिहासाची सुमारे १९,००० पाने जनतेसाठी खुली केली. नागरिक संघटना, पत्रकार आणि आदिवासी जमातींनी वर्षानुवर्षे लावून धरलेल्या मागणीचे हे फळ होते. दोनच महिन्यांनी चेर्नोबिल घडले. १९८७ साली एन अणुभट्टी बंद झाली आणि हॅनफर्डचे उत्पादनपर्व आटोपत आले. नोव्हेंबर १९८८ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या मतदारांनी विषारी कचऱ्याच्या सफाईचा कायदा थेट मतदानाने मंजूर केला. भूजलात क्रोमियम किती चालेल याची राज्याची मर्यादा याच कायद्यातून आली.

१५ मे १९८९ हा प्रकल्पाचा स्थापनादिन म्हणता येईल. त्या दिवशी केंद्राचे ऊर्जा खाते, केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्था आणि वॉशिंग्टन राज्याचे पर्यावरण खाते यांनी त्रिपक्षीय करारावर सह्या केल्या. राज्याच्या वतीने पुढाकार घेणाऱ्या पर्यावरण खात्याच्या संचालक क्रिस्टीन ग्रेगॉयर पुढे राज्याच्या गव्हर्नर झाल्या. कराराने सफाईचे टप्पे आणि तारखा ठरवल्या, तारीख चुकल्यास दंडाची तरतूद केली. मुख्य म्हणजे दूषित विहिरीचा आकडा आता निव्वळ अहवालाचा विषय राहिला नाही. त्यावर काय करणार, हे विचारण्याचा कायदेशीर हक्क राज्य सरकारला मिळाला. त्याच वर्षी हॅनफर्डचे चार विभाग देशातील सर्वाधिक दूषित स्थळांच्या राष्ट्रीय यादीत दाखल झाले. पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपलीकडे दूषित झालेल्या भूजलाचे क्षेत्र तेव्हा सुमारे २०० चौरस किलोमीटर होते. तीस वर्षांत सारे आटोपेल असा करारकर्त्यांचा अंदाज होता. तो किती भाबडा होता हे लवकरच कळून आले. पण असा अंदाज बांधला नसता तर कराराला मंजुरीच मिळाली नसती, असे मानायला जागा आहे.

पहिले काम ओतणे थांबवण्याचे होते. त्यालाच सहा वर्षे लागली. नव्या शुद्धीकरण केंद्रांची उभारणी झाल्यावर १९९५ मध्ये प्रक्रिया न केलेले पाणी जमिनीत सोडणे बंद झाले. झेड-९ च्या परिसरात १९९२ पासून मातीतील वाफ शोषून कार्बन टेट्राक्लोराइड काढण्यास सुरुवात झाली होती; वीस वर्षांत तेथून सुमारे ८० हजार किलो रसायन निघाले. १९९६ च्या जुलैत पठाराच्या मध्यावर अस्तर घातलेले प्रचंड मोठे कचराक्षेत्र सुरू झाले. नदीकाठची दूषित माती, पाडलेल्या इमारतींचा राडारोडा तेथे नेऊन पुरला जाऊ लागला. आजवर त्यात १.८ कोटी टनांहून अधिक माल गेला आहे. नदीजवळचे विष पठारावर नेणे म्हणजे जागेची अदलाबदल, ही टीका चुकीची नाही. पण अस्तराखाली जमणारे पाणी गोळा करता येते आणि नदीही तेथून कित्येक किलोमीटर दूर आहे. उघड्या चरांच्या तुलनेत हा फरक लहान नव्हे.

१९९४ साली हॅनफर्ड सल्लागार मंडळ स्थापन झाले. स्थानिक शासनसंस्था, कामगार, आरोग्य आणि पर्यावरण संघटना, जमातींचे प्रतिनिधी असे सारे एका मेजाभोवती आले. याकामा राष्ट्राचे रसेल जिम यांचे ऋण येथे नोंदवले पाहिजे. कोलंबियातील मासा आणि काठावरची वनस्पती हा आमच्या जगण्याचा भाग आहे, तेव्हा ‘स्वच्छ’ कशाला म्हणायचे ते आमच्या आहाराचा हिशेब धरून ठरवा, हा आग्रह त्यांनी २०१८ मध्ये निधन होईपर्यंत सोडला नाही.

याच दशकात उपसा-शुद्धीकरणाच्या पहिल्या केंद्रांची उभारणी झाली. पश्चिम पठारावर १९९४ मध्ये चाचणी सुरू झाली, तर नदीकाठी डी, एच आणि के भट्ट्यांच्या परिसरात १९९७ मध्ये क्रोमियम काढणारी केंद्रे आली. पद्धत समजायला सोपी आहे. दूषित पट्ट्यात विहिरी खोदून पाणी उपसायचे, रेझिनच्या मण्यांनी भरलेल्या टाक्यांतून ते सोडायचे, मण्यांनी क्रोमियम धरून ठेवले की शुद्ध पाणी दुसऱ्या विहिरींतून पुन्हा जमिनीत घालायचे. हे परत घातलेले पाणी दूषित पट्ट्याला उपशाच्या विहिरींकडे ढकलते आणि नदीकडे जाण्यापासून रोखते. सुरुवातीची यंत्रे लहान होती. विषाचा पसारा त्यांना आटोपत नव्हता.

मग १९९७ उजाडले. टाक्यांतून गळलेला द्रव कोरड्या थरांतच अडकून पडला आहे, भूजलापर्यंत पोचायला त्याला दीर्घकाळ लागेल, ही भूमिका तोवर अधिकृत होती. टाक्यांखालच्या चाचणी-नळ्यांत अपेक्षेपेक्षा खूप खोलवर सीझियम आढळू लागले तेव्हा काही तंत्रज्ञांनी आणि शास्त्रज्ञांनी या भूमिकेवर प्रश्नचिन्ह लावले. त्यांना तो काळ सोपा गेला नाही. अखेर त्या वर्षाच्या नोव्हेंबरात ऊर्जा खात्याने मान्य केले की, टाक्यांतील द्रव भूजलात पोचला आहे. या कबुलीचा एक चांगला परिणाम झाला. माती आणि भूजल यांचा अभ्यास तोपर्यंत वेगवेगळ्या चुलींवर चालत होता. तो एका छत्राखाली आणला गेला. एकेरी भिंतीच्या टाक्यांतील पंपाने निघण्याजोगे द्रव दुहेरी टाक्यांत हलवण्याचे काम २००४ पर्यंत पुरे झाले. सुमारे दहा लाख गॅलन द्रव त्याआधीच मातीत गेला होता.

एन अणुभट्टीचा किनारा हा प्रकल्पाच्या इतिहासातील सर्वांत बोलका धडा. भट्टीतील पाणी ज्या शोषखड्ड्यांत सोडले जाई, तेथून स्ट्रॉन्शियम-९० किनाऱ्यावरील झऱ्यांतून थेट नदीत झिरपत होते. १९९५ पासून तेथे उपसा-शुद्धीकरण सुरू केले. दहा वर्षे पंप चालले. निघालेले स्ट्रॉन्शियम दोन क्युरीसुद्धा भरले नाही, आणि तेवढ्या काळात त्याहून कितीतरी अधिक स्ट्रॉन्शियम नैसर्गिक क्षयाने आपोआप नाहीसे झाले. स्ट्रॉन्शियम मातीला घट्ट चिकटते. पाणी कितीही उपसले तरी ते जागचे हलत नाही. मग अभियंत्यांनी उलट बाजूने विचार केला. जे हलत नाही त्याला जागीच बांधून का टाकू नये? २००६ पासून किनाऱ्याला समांतर खोदलेल्या विहिरींतून कॅल्शियम, सिट्रेट आणि फॉस्फेट यांचे द्रावण जमिनीत सोडण्यात आले. मातीतील जीवाणू सिट्रेट खातात, मोकळे झालेले कॅल्शियम फॉस्फेटशी जुळते आणि अॅपेटाइट तयार होते, म्हणजे आपल्या दातांत आणि हाडांत असते ते खनिज. स्ट्रॉन्शियम हा रसायनशास्त्रात कॅल्शियमचा जवळचा नातलग. तो त्या खनिजात शिरून बसतो आणि तेथेच क्षय पावतो. सुमारे ९० मीटरच्या पहिल्या टप्प्यातच किनाऱ्याजवळच्या पाण्यातील स्ट्रॉन्शियम सुमारे नव्वद टक्क्यांनी घटले. त्यानंतर हा अदृश्य बांध दोन्ही अंगांना वाढवण्यात आला.

डी परिसरात असाच एक बांध क्रोमियमसाठी घातला होता. सोडियम डायथायोनाइट सोडून मातीतल्या लोहाला क्रियाशील करायचे, म्हणजे वाहत्या पाण्यातले विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम तेथे पोचताच निरुपद्रवी रूप घेईल, ही कल्पना देखणी होती. १९९७ ते २००३ या काळात सुमारे ६८० मीटरचा हा बांध तयार झाला. तो दोन दशके टिकावा अशी अपेक्षा होती. काही वर्षांतच कित्येक विहिरींत क्रोमियम पुन्हा दिसू लागले. खडीच्या वाटांनी पाणी बांध ओलांडून जात होते. प्रकल्पाने हे अपयश झाकले नाही. कोणत्या विहिरीत, केव्हा, किती क्रोमियम निसटले याची नोंद वार्षिक अहवालांत छापली गेली आणि पुढची आखणी तिच्या आधारे झाली.

क्रोमियमचा प्रश्न नदीच्या दृष्टीने निकडीचा होता. हॅनफर्डजवळचा कोलंबियाचा सुमारे ८० किलोमीटरचा पट्टा धरणांविना मोकळा वाहतो आणि शरद ऋतूत येणाऱ्या चिनूक सामनचे ते मोठे वीणक्षेत्र आहे. मासा पात्रातल्या खडीत अंडी घालतो, पिल्ले त्याच खडीत वाढतात, आणि भूजल नदीत शिरते तेही तेथूनच. म्हणून नदीकाठी क्रोमियमची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम इतकी कडक ठरली. माणसाच्या पिण्याच्या पाण्याला लागू असलेल्या मर्यादेपेक्षा ती कितीतरी खाली आहे. तिचे मोजमाप हाही एक खटाटोप होता. वरच्या अंगाच्या प्रीस्ट रॅपिड्स धरणातून वीजमागणीप्रमाणे पाणी सुटते, त्यामुळे नदीची पातळी दिवसागणिक चढते-उतरते. पाणी कधी काठातून नदीत, तर कधी नदीतून काठात शिरते. काठावर रोवलेल्या बारीक नळ्यांतून नमुने घेऊन हा गोंधळ उलगडणाऱ्या तंत्रज्ञांचे काम लोकांपुढे क्वचितच येते.

२००९ च्या आर्थिक पुनरुज्जीवन कायद्यातून हॅनफर्डला सुमारे दोन अब्ज डॉलर मिळाले आणि रखडलेल्या कामांनी वेग घेतला. डिसेंबर २०१० मध्ये डीएक्स, २०११ मध्ये एचएक्स अशी दोन नवी केंद्रे नदीकाठी सुरू झाली. दोन्ही मिळून मिनिटाला पाच हजार लिटरांहून अधिक पाणी हाताळू शकतात. मात्र खरी किमया रेझिनने केली. आधीचे रेझिन वारंवार काढून, दूर पाठवून, धुऊन आणावे लागे. नवे रेझिन वर्षानुवर्षे न बदलता चालते, असे डीएक्समधील अनुभवाने दाखवले. चालवण्याचा खर्च लाखो डॉलरांनी उतरला आणि वाचलेला पैसा नव्या विहिरींकडे वळला. त्याच सुमारास मूळ स्रोतावरही घाव घातला गेला. सी भट्टीजवळ, जेथे डायक्रोमेट सांडले होते, तेथे दूषित मातीचा पाठलाग करत खोदकाम थेट भूजलापर्यंत, सुमारे २६ मीटर खोल गेले. डी परिसरातही तशाच विवरांतून माती काढावी लागली. स्रोत शिल्लक ठेवून पंप चालवणे म्हणजे केवळ वीज जाळणे, हे तोवर सर्वांना पटले होते.

पठारावरचा मोठा कारखाना २०१२ साली चालू झाला. ‘२०० वेस्ट’ नावाने ओळखले जाणारे हे केंद्र प्रकल्पाचा मानबिंदू मानले जाते. येथील भूजलात एकाच वेळी कार्बन टेट्राक्लोराइड, नायट्रेट, टेक्नेशियम, युरेनियम, क्रोमियम असे निरनिराळ्या स्वभावाचे पदार्थ आहेत. म्हणून टेक्नेशियम आणि युरेनियमसाठी रेझिन, नायट्रेटसाठी जीवाणूंच्या टाक्या, मग पटलांची गाळणी आणि शेवटी हवेच्या झोताने कार्बन टेट्राक्लोराइड उडवणे, अशी साखळी रचली गेली. मिनिटाला २,५०० गॅलनांसाठी बांधलेल्या या केंद्राची क्षमता पुढे ३,७५० गॅलनांपर्यंत, म्हणजे सुमारे १४ हजार लिटरांपर्यंत वाढवली. पर्यावरणपूरक बांधकामासाठी इमारतीला सुवर्ण मानांकन मिळाले. अडचणीही आल्या. परतीच्या विहिरींची तोंडे बुजू लागली; कार्बन टेट्राक्लोराइड उपसण्याचा वेग वाढावा म्हणून २०१९ पासून जीवाणूंची प्रक्रिया थांबवून चाचणी घेण्यात आली. आता हॅनफर्डची सहा केंद्रे मिळून दरवर्षी दोन अब्ज गॅलनांहून अधिक, म्हणजे सुमारे ७५० कोटी लिटर पाणी शुद्ध करतात. दूषित क्षेत्र १९८९ च्या मानाने बरेच आक्रसले आहे.

काही प्रश्नांपुढे प्रकल्पाला अजून वाट सापडलेली नाही. आयोडीन-१२९ चा अर्धायुकाल १.५७ कोटी वर्षे आहे आणि पाण्यातून ते वेगळे काढण्याची व्यवहार्य पद्धत हाती नाही. म्हणून २०१५ पासून त्याच्या पुढच्या टोकाला विहिरींतून पाणी घालून ते केवळ थोपवून धरले आहे. नदीकाठी, रिचलँड शहराच्या उत्तरेला, इंधनकांड्या बनवणाऱ्या विभागाखालचे युरेनियम काही वर्षांत आपोआप कमी होईल असे १९९६ मध्ये गृहीत धरले होते. तसे झाले नाही. २०१५ आणि २०१८ मध्ये तेथे फॉस्फेटची द्रावणे सोडावी लागली. पठाराच्या पूर्वेकडे चिकणमातीच्या एका पापुद्र्यावर तीव्र दूषित पाण्याचे तळे साठून राहिले आहे. ते २०११ पासून थोडेथोडे उपसले जाते. टाक्यांचा प्रश्न तर त्याहून मोठा. एप्रिल २०२१ मध्ये बी-१०९ ही टाकी गळत असल्याचे जाहीर झाले. टाक्यांतील कचऱ्याची काच बनवणाऱ्या कारखान्याचे बांधकाम २००२ मध्ये सुरू झाले आणि प्रत्यक्ष किरणोत्सारी कचऱ्याची काच बनायला २०२५ उजाडावे लागले. हॅनफर्डच्या संपूर्ण सफाईचा उरलेला खर्च ऊर्जा खात्याच्या २०१९ च्या अहवालात ३२३ ते ६७७ अब्ज डॉलर असा दिला होता. खर्चाच्या दोन टोकांत इतके अंतर पडते, यावरून कामाचे स्वरूप ध्यानात यावे.

या वाटचालीचे श्रेय एका खात्याचे किंवा एका कंपनीचे नाही. कंत्राटदार बदलत गेले : बेक्टेल, फ्लुओर, वॉशिंग्टन क्लोजर, सीएच२एम हिल, आणि २०२१ पासून सेंट्रल प्लॅटो क्लीनअप. कंत्राटावरची नावे बदलली तरी विहिरी खोदणारे, पंप चालवणारे, नमुने गोळा करणारे कामगार पुष्कळदा तेच राहिले. रिचलँड, पास्को, केनेविक या गावांतील कित्येक घरांत आजोबांनी अणुभट्टीवर काम केले आणि नातवंडे सफाईवर काम करतात. जुन्या विहिरींच्या गंजलेल्या नळ्या स्वतःच विषाला खाली जायची वाट करून देतात. त्या शोधून बुजवण्याचे किचकट काम करणारी पथके, रोज शेकडो नमुन्यांचे निकाल तपासणारे रसायनज्ञ, आणि ऊर्जा खात्याच्या प्रत्येक दाव्याला प्रतिप्रश्न करणारे राज्याचे निरीक्षक, या सर्वांचा त्यात वाटा आहे. विहिरींचे निकाल आता कोणालाही संगणकावर पाहता येतात. १९८६ पूर्वी हे स्वप्नातही शक्य नव्हते.

एप्रिल २०२४ मध्ये तिन्ही पक्षांनी टाक्यांच्या कामाचे नवे वेळापत्रक जाहीर केले. भूजलाचे वेळापत्रक त्याहून आधीचे आहे. २००८ च्या निर्णयपत्राप्रमाणे पश्चिम पठारावर पंचवीस वर्षे उपसा चालवून विषाचा ९५ टक्के भाग काढायचा आहे आणि उरलेल्याच्या नैसर्गिक ऱ्हासावर त्यानंतर शंभर वर्षे देखरेख ठेवायची आहे. हॅनफर्डच्या पठाराखालचे पाणी आज पिण्याजोगे नाही, आणि या शतकात ते सगळे तसे होईल असेही कोणी म्हणत नाही. नदीकाठचे क्रोमियम मात्र या प्रकल्पाने बव्हंशी अडवले आहे.